हरणारा बास्केटबॉल संघ तरुण खेळाडूंवर नव्याने उभा करायचा तर जुन्या खेळाडूंना काढावंच लागतं का? किती वर्षं लागतात?

अजिबात काढावं लागत नाही. जे असं सांगतात त्यांनी अमेरिकेतल्या एनबीए लीगमधल्या ओक्लाहोमा सिटी थंडर या संघाची गोष्ट अर्धीच वाचलेली असते. 2019 मध्ये आपला स्टार पॉल जॉर्ज क्लिपर्स संघाला दिला, बदल्यात तरुण शे गिल्जस-अलेक्झांडर आणि ढीगभर ड्राफ्ट पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडायचे हक्क, घेतले, दोन सिझन मार खाल्ला आणि 2025 मध्ये विजेते झाले. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण मार खाण्याआधी, 2019-20 चा अख्खा सिझन शे हा मुरलेल्या क्रिस पॉलच्या जोडीला खेळला आणि तो संघ प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, गेला, हे कुणी सांगत नाही.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीच्या संघात सेंटर, म्हणजे रिंगजवळच्या उंच माणसाच्या जागी, खेळायचो. दोन-तीन स्पर्धा हातच्या गेल्या आणि आमच्या मॅनेजर साहेबांनी 'यंग टीम' काढली. तिशीच्या पुढचे सगळे एका फटक्यात बाहेर, मीही. फिटनेस बघितला नाही, जन्मतारखा बघितल्या.

पहिली स्पर्धा वाशीला होती, मी जाळीबाहेर उभा राहून बघितली. समोरच्यांनी फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे अख्ख्या मैदानभर अंगाला चिकटून अडवायला सुरुवात केली. बॉल आणणारा पोरगा कॉलेजातला, हात फार सुरेख. हाफ लाइन ओलांडली की दोघं त्याला कडेच्या कोपऱ्यात कोंडायचे, मागे जायची सोय नाही. अशा वेळी उंच माणसाने रिंगकडे पळायचं नसतं. उलटं वळून मध्ये यायचं, दोन्ही हात वर करून बॉल मागायचा आणि मिळाला की खाली न आणता पलीकडच्या बाजूला सोडायचा. त्या दिवशी एकही जण मध्ये आला नाही. चौघंही पुढे पळालेले, हा बॉल छातीशी धरून एका पायावर गोल फिरतोय आणि बेंचवरून ओरडा, "पास दे, पास दे!" कुणाला देणार? पाच सेकंद, शिट्टी. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

साहेब म्हणाले, "अनुभव मिळतोय पोरांना." कसला अनुभव? चूक झाली त्याच क्षणी कानाशी येऊन सांगणारा कोर्टावर कुणी नव्हता. टाइमआउटमध्ये सांगून प्रेस तुटत नाही. आणि सिझन संपल्यावर खापर त्याच पोरावर फुटलं, त्याला पुढे संघात घेतलंच नाही. त्याने खेळ सोडला. माझं नाव कापलं याचं मला वाईट वाटलंच, पण याचा राग अजून आहे.

एनबीएतल्या फिलाडेल्फियाने हेच मोठ्या प्रमाणावर केलं, हरून वरचे पिक मिळावेत म्हणून. 2013 पासून मुद्दाम संघ मोडला, 2015-16 मध्ये 82 पैकी 10 सामने जिंकले. एम्बीडसारखा स्टार मिळाला, पण 2025 पर्यंत कॉन्फरन्स फायनल, म्हणजे लीगची उपांत्य फेरीसुद्धा गाठता आली नाही. आता डेट्रॉइटचा संघ बघा. 2023-24 मध्ये सलग 28 सामने हरले, एकूण विजय 14. मग टोबायस हॅरिस, टिम हार्डवे ज्युनियर, मलिक बीझ्ली हे मुरलेले लोक आणले. मुख्य तरुण खेळाडू केड कनिंगहॅम तोच, बाकीची पोरंही बरीचशी तीच, आणि पुढच्या सिझनला 44 विजय. कोचही बदलला होता, ते श्रेय त्यालाही द्यायला हवं.

वर्षांचं म्हणाल तर थंडरला सहा लागली, तीही नशीब आणि पिक दोन्ही साथीला असताना. पहिला पिक कुणाला हे सोडतीने ठरतं आणि 2019 मध्ये तळाच्या तीन संघांची ती शक्यता प्रत्येकी 14 टक्क्यांवर आणली गेली, त्यामुळे नुसतं हरून काही हाती लागत नाही. आणि हो, थंडरनेही 2021 मध्ये अल हॉरफर्ड या जुन्या खेळाडूला सिझनच्या शेवटी बसवलं होतं, पोरांना मिनिटं मिळावीत म्हणून. मिनिटं पोरांनाच द्या, त्यावर माझा वाद नाहीच. पहिल्या पाचात आम्हाला घ्या असं मी साहेबांनाही म्हटलं नव्हतं. बारा जणांत दोन जुने ठेवा, रोज सरावाला पोरांसमोर उभे करा, एवढंच म्हणणं होतं.