रेशीम मार्गाच्या प्रवासासाठी कोणता काळ निवडावा?

चीनमधील शीआन ते उझबेकिस्तानातील बुखारा हा रेशीम मार्ग सात आठवड्यांत जमिनीवरून पार करायचा असेल, तर एप्रिल बरा की सप्टेंबर, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ऑगस्टच्या अखेरीस शीआनहून निघावे आणि पश्चिमेकडे जावे.

या वाटेवर सर्वत्र एकाच वेळी अनुकूल असा ऋतूच नसतो. चीनच्या वायव्येकडील तुर्फानचा खोलगट प्रदेश समुद्रसपाटीपासून १५० मीटरहून अधिक खाली जातो आणि तिथे जुलैत पारा सहज ४० अंशांवर चढतो. तर चीनच्या पश्चिम टोकाच्या काशगर शहरापुढे किर्गिझस्तानात उतरवणारी तोरुगार्त खिंड सुमारे ३,७५० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे शहरांचे हवामान पाहून महिना ठरवण्याऐवजी आधी खिंड ओलांडण्याची वेळ ठरवावी आणि तिच्याभोवती बाकीचा प्रवास बसवावा. सातव्या शतकात भारताकडे येणाऱ्या ह्युएन त्संगलाही बर्फामुळे याच वाटेवरील कुचा येथे सुमारे दोन महिने थांबावे लागले होते, आणि तरीही पुढे तियानशान पर्वत ओलांडताना त्याचे अनेक सोबती दगावले. आज रस्ता आहे, वाहने आहेत; पण डोंगर तेच आहेत.

एप्रिलमध्ये निघाल्यास चीनमधील गान्सू प्रांत आणि तकलामकान वाळवंटाच्या कडेने धुळीच्या वादळांना तोंड द्यावे लागते, आणि खिंडीजवळ पोहोचाल तेव्हा तिथे बर्फ असण्याची शक्यता बरीच असते. वसंतात उलट दिशेने, म्हणजे बुखाराहून निघून, डोंगरांतले बर्फ वितळेपर्यंत थांबत गेलात, तर तुर्फानला ऐन उन्हाळ्यात पोहोचाल.

सप्टेंबरच्या आरंभी मात्र गान्सूतील दुनहुआंगचे वाळवंट सुसह्य होऊ लागते आणि तुर्फानमध्ये द्राक्षांचा हंगाम सुरू असतो. तिथली जाळीदार विटांची बेदाणे सुकवण्याची घरे याच दिवसांत भरलेली दिसतात, आणि केवळ त्यांच्यासाठीही मी हा महिना निवडेन. खिंड २० सप्टेंबरच्या आसपास ओलांडावी. खिंडीपलीकडे किर्गिझस्तानातील ताश रबातच्या जुन्या दगडी सराईजवळ तेव्हा रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी पडू शकते, म्हणून उबदार कपडे सोबत हवेतच. तिथून ऑक्टोबरमध्ये समरकंद-बुखाराला उतराल, तेव्हा तिथला कडक उन्हाळा सरलेला असेल.

चीनमध्ये १ ऑक्टोबरपासून राष्ट्रीय दिनाची मोठी सुटी असते. त्या आठवड्यात गाड्या आणि मुक्कामाच्या जागा भरून जातात, शिवाय तोरुगार्तची सीमा शनिवार-रविवारी व सुट्यांच्या दिवशी बंद असू शकते. त्यामुळे दोन्ही बाजूंची वाहने आधीच ठरवून, आठवड्याच्या मधल्या वारी सीमा ओलांडावी.