एकाच रुग्णाची दृष्टी एकदा ६/९ आणि दुसऱ्यांदा ६/१८ का येते? तक्त्यावर तपासताना माझं काय चुकतंय?

६/१८ म्हणजे निरोगी डोळा १८ मीटरवरून वाचतो ते अक्षर रुग्णाला ६ मीटरवरून वाचता येणं. आकडा बदलण्यामागे बहुतेक वेळा घोळ डोळा झाकण्यात असतो. हाताने झाकायला सांगितलं की रुग्ण बोटांच्या फटीतून नकळत बघतो. नाहीतर डोळा इतका दाबून धरतो की त्याची पाळी आली की थोडा वेळ धूसरच दिसतं. ऑक्लूडर, म्हणजे डोळा झाकायचं साधन, वापरा. तो नसेल तर तळवा खोलगट करून, डोळ्याला न टेकवता धरायला सांगा.

दुसरं कारण डोळे बारीक करणं. पापण्यांची फट अरुंद झाली की ती पिनहोलचं (बारीक छिद्राच्या चकतीचं) काम करते आणि एक-दोन ओळी फुकट मिळतात. म्हणून माझी नजर तक्त्यावर कमी आणि रुग्णाच्या चेहऱ्यावर जास्त असते. तक्ता आपल्याला पाठ असतोच. पहिला डोळा होईपर्यंत रुग्णालाही होतो! दुसऱ्या डोळ्याला ओळ उलटीकडून वाचायला लावा.

'पुढचं दिसत नाही' म्हटलं की लगेच थांबू नका. अक्षर पुसट झालं की बरेच जण थांबतात, पण 'अंदाजाने सांगा' म्हटलं की आणखी एखादी ओळ वाचतात. एकदा असा आग्रह केला आणि एकदा नाही, तर फरक पडणारच.

अंतर ६ मीटर, तेही डोळ्यापासून तक्त्यापर्यंत. रुग्ण पुढे झुकला की ते बिघडतं. खोली लहान असेल तर ३ मीटरवर आरसा आणि रुग्णाच्या डोक्यामागे उलट्या अक्षरांचा तक्ता. घरी छापलेला तक्ता पट्टीने मोजा: ६/६० चं अक्षर सुमारे ८७ मिलिमीटर उंच हवं. छापताना ते हमखास लहान होतं.

तपासणी डोळ्यांत औषध घालण्याआधी, टॉर्च मारण्याआधी करा. आधी उजवा, मग डावा. चष्म्याशिवाय, मग चष्म्यासह. ६/६ आलं नाही तर पिनहोल लावा. सुधारलं तर बहुधा नंबरचा प्रश्न. नाही सुधारलं तर मोतीबिंदू, दृष्टिपटल वगैरे बघावं लागतं.

६/६० सुद्धा वाचता आलं नाही तर थेट बोटं मोजायला लावू नका. रुग्णाला एकेक मीटर जवळ आणा: ५/६०, ४/६०, असं १/६० पर्यंत. त्यानंतर बोटं, मग हाताची हालचाल, शेवटी टॉर्चचा उजेड. केसपेपरवर प्रत्येक आकड्यापुढे चष्मा होता की नव्हता, पिनहोल लावलं होतं का, हेही लिहा.