मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान साताऱ्याचे होते, हे खरं आहे का? कोण होते ते?

हो, खरं आहे. सर धनजीशा कूपर. त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणायचे.

मी कोरेगाव तालुक्यातला. आमच्याकडे कूपर म्हटलं की आधी त्यांच्या कंपनीचं डिझेल इंजिन आठवतं, माणूस नंतर. आजोबांच्या विहिरीवर होतं एक. एकानं हँडल मारायचं, चाकाला वेग आला की दुसऱ्यानं वरची खिट्टी सोडायची. हँडल वेळेत निघालं नाही तर मनगट गेलंच म्हणून समजा.

धनजीशा पारशी, साताऱ्याचे. १९२२ च्या सुमारास त्यांनी सातारारोडला, म्हणजे पाडळीला, लोखंडी नांगरांचा कारखाना काढला. (स्टेशनचं नाव वाचून पाहुणे अजून तिथं उतरतात, मग साताऱ्याला यायला गाडी शोधतात.) या उभारणीत कर्मवीर भाऊराव पाटील होते. आधी ते किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरायचे, त्यामुळे शेतकऱ्याची नस त्यांना ठाऊक. नफ्यातला वाटा आपल्या शिक्षणकार्याला मिळेल, या शब्दावर ते कूपरांकडे आले. शब्द पाळला गेला नाही म्हणून बाहेर पडले, असं त्यांच्या चरित्रांत येतं. कूपरांची बाजू कुणी फारशी सांगत नाही, हेही खरं.

राजकारणात कूपर ब्राह्मणेतर पक्षाचे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई विधानसभेच्या १७५ पैकी ८६ जागा काँग्रेसला मिळाल्या. पण गव्हर्नर आपले खास अधिकार वापरणार नाहीत अशी हमी मिळाल्याशिवाय मंत्रिपदं घ्यायची नाहीत, असं काँग्रेसनं ठरवलं. खुर्ची रिकामी ठेवता येईना, म्हणून गव्हर्नरनी कूपरांना बोलावलं. १ एप्रिलला शपथ झाली. अर्थखात्याला जमनादास मेहता होते, पण मागं बहुमत नव्हतंच. जुलैत वर्ध्याला काँग्रेसनं विचार बदलला आणि १९ तारखेला काँग्रेसचे बाळासाहेब खेर पंतप्रधान झाले. कूपरांचा सगळा कारभार साडेतीन महिन्यांचा.

आमच्या भागात कूपरांचं नाव फारसं का निघत नाही, याचं माझ्या मते उत्तर पुढच्या पाच-सहा वर्षांत आहे. ज्या जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, तिथं गव्हर्नरनं बसवलेल्या पंतप्रधानाचं कौतुक कोण करणार?

सातारारोडचा कारखाना पुढं वालचंद समूहाकडे गेला. आमचं इंजिनही भंगारात गेलं. त्यावरची नावाची पट्टी तेवढी चुलत्यांनी छिन्नीनं काढून ठेवलीय.