आधी पुठ्ठ्याचा खोका ऐक

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

नवं ड्रम किट येईपर्यंत एकही गाणं रेकॉर्ड करायचं नाही, असं ठरवल्याचं तुझ्या पत्रात वाचलं. किट जरूर घे. पण तोवर हातावर हात ठेवून बसू नकोस. ‘द चर्पिंग क्रिकेट्स’ हा अल्बम ऐक. अमेरिकन रॉक अँड रोल गायक बडी हॉली आणि त्याच्या क्रिकेट्स बँडचा हा पहिला अल्बम, १९५७च्या नोव्हेंबरात निघालेला. बारा गाणी आहेत, अर्ध्या तासाच्या आत संपतात.

‘नॉट फेड अवे’पासून सुरुवात कर. हेडफोन लाव आणि पहिल्या खेपेला फक्त ठेका ऐक. बँडचा ड्रमर जेरी ॲलिसन तिथे पुठ्ठ्याचा खोका वाजवतोय! तीन ठोके, जरा उसंत, मग दोन. हा ठेका बो डिडली या अमेरिकन गायक-गिटारवादकाच्या नावानं ओळखला जातो. हॉली एक ओळ गाऊन थांबतो आणि त्या मोकळ्या जागेत मागून उत्तर येतं. खोक्याला घुमारा नसतो, ठोका पडला की तिथेच विरतो. म्हणून ती जागा मोकळी राहते. झांजा वाजल्या असत्या तर ती भरून गेली असती.

दुसऱ्या खेपेला आवाजाकडे लक्ष दे. शब्दाच्या मध्येच उचकी लागल्यासारखा तो फुटतो. त्याची नक्कल करू नकोस. हॉली ती कुठे घेतो आणि कुठे टाळतो, ते टिपून ठेव. आपले गायक हरकतीची जागा निवडतात, तसंच आहे ते. मागचा कोरस बहुतेक गाण्यांत ‘द पिक्स’ या गायकांच्या गटानं नंतर भरलाय. मला तो काही ठिकाणी जड वाटतो.

‘दॅट’ल बी द डे’ त्यानं १९५६ साली नॅशव्हिलमध्ये रेकॉर्ड केलं होतं. तेव्हा ते बाहेर आलंच नाही. फेब्रुवारी १९५७मध्ये न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिस गावी, नॉर्मन पेटीच्या स्टुडिओत ते पुन्हा केलं आणि सप्टेंबरात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पेटी तासावर नाही, गाण्यावर पैसे घ्यायचा. घड्याळाची धास्ती नव्हती, त्यामुळे पोरांना पुन्हा पुन्हा वाजवून बघता आलं. तुझ्याकडे तर घरचीच खोली आहे.

पुढच्याच वर्षी लिव्हरपूलमध्ये लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन या पुढे ‘बीटल्स’ म्हणून गाजलेल्या पोरांनी आपलं पहिलं रेकॉर्डिंग केलं, ते याच गाण्याचं. हे आपल्यालाही जमेल, असं ऐकणाऱ्याला वाटायला लावणारं हे संगीत आहे. मला त्याची ओढ आहे ती याचसाठी. हॉली ३ फेब्रुवारी १९५९ला विमान अपघातात गेला, अवघ्या बाविसाव्या वर्षी. तारखा बघितल्या की दीड-दोन वर्षांत त्यानं किती काम केलं ते कळतं, आणि पोटात तुटतं.

रविवारी सकाळी ये. मी गिटार लावून ठेवतो. तू मिक्सरचा नाहीतर टीव्हीचा रिकामा खोका आण, आतला थर्माकोल काढून.