‘राखीव’ खोली आणि 15 हजारांचा एजंट

प्रश्न : अशोक चौकाजवळ दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही चौघं राहतो. भाडं 3,200. हे टॉवेलच्या कारखान्यावर रात्रपाळीला, मी विड्या वळते. दोघांचं मिळून महिन्याला 17 हजार होतात. मागे नवी अपार्टमेंट होतेय. त्यातल्या वीस टक्के खोल्या गरिबांना कमी भाड्याने द्यायचा कायदा आहे, 15 हजार द्या, नाव घालतो, असं एक एजंट म्हणतो. कामगारांची घरं झालीत ती कुंभारी लांब पडते. देऊ का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, एक रुपयाही देऊ नका.

एजंटाने अर्धं खरं सांगितलंय, आणि असलाच माणूस जास्त महागात पडतो. वीस टक्क्यांचा नियम आहे. 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर बांधणाऱ्याने अल्प उत्पन्नवाल्यांसाठी लहान घरं ठेवायची. पण राज्याच्या 2020च्या बांधकाम नियमावलीत तो 10 लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांना लावलाय. 2011च्या जनगणनेत आपलं सोलापूर 9 लाख 51 हजार 558. म्हणजे 48 हजार माणसं कमी पडली! आणि जिथे नियम लागतो तिथेही ती घरं म्हाडाच्या सोडतीतून विकतात, भाड्याने देत नाहीत. कुंभारीच्या रे नगरात जानेवारी 2024 मध्ये 15 हजार घरांचा ताबा दिला, तीही मालकीचीच. रात्रपाळी सुटल्यावर पहाटे तिकडे कसं जायचं, हा तुमचा प्रश्न मला पटतो. कामाजवळ भाड्याचं घर हवं असणाऱ्यांचा विचार आपल्याकडे फार उशिरा सुरू झाला.

सुरू झालाय मात्र. पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, सप्टेंबर 2024 पासून, परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा वेगळा भाग आहे. त्यात कामगारही येतात. तुमचं वर्षाचं उत्पन्न दोन लाख चार हजार, मर्यादा तीन लाखांची, म्हणजे तुम्ही सर्वांत खालच्या गटात बसता. देशात कुठेही पक्कं घर नावावर नसावं. महापालिकेच्या इंद्रभुवनात जाऊन आवास योजनेच्या टेबलावर एवढंच विचारा : शहरात भाड्याच्या घरांचा प्रकल्प मंजूर आहे का, आणि कुठे? सोबत उत्पन्नाचा दाखला, आधार आणि विडी कामगाराचं ओळखपत्र ठेवा.

आता सध्याच्या खोलीचं. भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला आहे का? तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नाही, म्हणून शंका येते. माझ्या वडिलांनी साखर पेठेत एकोणीस वर्षं वहीच्या कागदावर भाडं भरलं. घरमालक वारले आणि त्यांच्या मुलाने ‘तुम्ही कोण?’ म्हणून विचारलं. तो कागद कुणाला दाखवायचा? 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरतात. हे घरमालकाला गोडीने ऐकवा. तोवर भाडं रोख न देता खात्यावर पाठवा.

एजंट पुन्हा आला तर पावती मागा. बहुतेक तो चहाही न घेता जाईल.