किंग की क्वीन? गादी घेण्याआधी टेप हातात घ्या

प्रश्न : आमची बेडरूम १० बाय १० फुटांची. एका बाजूच्या भिंतीला दोन फूट खोल कपाट आहे. आम्ही दोघे आणि चार वर्षांचा मुलगा. दुकानदार किंगच घ्या म्हणतो. बसेल का?
– वाचक, डोंबिवली

उत्तर : गादी बसेल, अडचण कपाटाच्या दारांची होईल. आपल्याकडे क्वीनची रुंदी ६० इंच आणि किंगची ७२. लांबी मात्र दोन्हींत ७२, ७५ किंवा ७८ इंच मिळते. म्हणजे फरक फक्त एक फूट रुंदीचा, पण तुमच्या खोलीत तोच फूट महत्त्वाचा आहे.

खोली १२० इंच. कपाटाचे २४ वजा केले की ९६ उरतात. किंगचा पलंग चौकटीसह साधारण ७५ इंच होतो. तो पलीकडच्या भिंतीला चिकटवला तरी कपाटापुढे जेमतेम २१ इंच राहतात. १८ इंचांची झडप उघडेल, पण उघडल्यावर तुम्ही उभे कुठे राहणार? क्वीन घेतली तर तिथेच ३३ इंच मिळतात.

तिघे झोपल्यावर क्वीनवर माणशी २० इंच येतात, किंगवर २४. दोन्ही अपुरेच. मुलगा मोठा होईल, गादी मात्र आठ-दहा वर्षं वापरायची आहे. म्हणून कपाटाला सरकती दारं असतील तर किंग, नाहीतर क्वीन घ्या आणि मुलासाठी रात्री अंथरायला ३० बाय ७२ ची वेगळी गादी ठेवा. लांबी उंचीवरून ठरवा : घरातल्या सर्वांत उंच माणसाची उंची अधिक सहा इंच. पाच फूट आठ इंचांच्या माणसाला ७२ ची गादी तोकडीच पडते.

प्रश्न : सुताराकडून साडेसहा बाय सहा फुटांचा पलंग करून घेतला आणि ७८ बाय ७२ ची गादी मागवली. ती मधोमध फुगते, कडा वर येतात. गादी मोठी आली का?
– वाचक, कोल्हापूर

उत्तर : बहुधा गादी बरोबर आहे आणि पलंगाचं माप बाहेरून धरलं गेलंय. चारही बाजूंना पाऊण इंची प्लाय उभी असली तर आतली जागा साडेशहात्तर बाय साडेसत्तरच उरते. कोंबून बसवलेली गादी तशीच वापरू नका. फोमला कायमचा बाक येतो आणि स्प्रिंगच्या गादीची कड लवकर जाते.

गादी कापायची गरज नाही, आणि स्प्रिंगची तर कापताच येत नाही, कडेने तार असते. त्यापेक्षा सुताराला सांगून आतल्या आधारपट्ट्या वर घ्या, म्हणजे खालची फळी चौकटीच्या वरच्या कडेला समतल येईल. मग गादी चौकटीवरच बसेल आणि बाहेरचं ७८ बाय ७२ हे माप अचूक जुळेल.

नवी गादी मागवणाऱ्यांनी चौकटीच्या आतून उशाशी, मध्ये आणि पायथ्याशी अशी तीनदा रुंदी मोजावी. लांबीही तशीच. सर्वांत कमी आकडा धरून त्यातून अर्धा इंच वजा करावा. दोन्ही कर्ण सारखे नसतील तर पलंग काटकोनात नाही. तो आधी दुरुस्त करून घ्यावा.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीहून किंग साइजच्या, इलॅस्टिकच्या चादरी आणणार आहे. आमच्या ७८ बाय ७२ च्या गादीला चालतील?
– वाचक, नाशिक

उत्तर : ढगळ होतील. अमेरिकेतली किंग ७६ बाय ८० इंच असते. कॅलिफोर्निया किंग ७२ बाय ८४, म्हणजे रुंदी जुळते, पण लांबीला सहा इंच जास्त. ब्रिटनमधली किंग तर १५० बाय २०० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ आपली क्वीनच. तिथली सुपर किंग, १८० बाय २००, तुमच्या गादीच्या सर्वांत जवळची.

साधी चादर घेणं सोपं. गादी आठ इंच जाड असेल तर रुंदीला ७२ अधिक दोन्ही बाजूंचे १६, म्हणजे ८८ इंच झाकायचे. १०८ बाय १०८ ची चादर घेतलीत तर दोन्हीकडे खोचायला दहा-दहा इंच उरतात. ९० बाय १०० च्या चादरीत एकेकच इंच उरतो, आणि ती रात्रीतून निघतेच.