थंडीत घर उबदार कसं करायचं? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, आम्ही निफाड तालुक्यात राहतो. जुनं धाब्याचं घर पाडून स्लॅबचं बांधलं, दिसायला मस्त झालंय पण डिसेंबर लागला की घराचा नुसता फ्रीज होतो. फरशीवर पाय ठेववत नाही, सासूबाईंचे गुडघे धरतात. जाऊबाई म्हणतात हीटर घ्या, मुलगी म्हणते मोठं कार्पेट घेऊ. बजेट पाचेक हजारांचं आहे. ऊब तर हवीच पण घर जरा छानही वाटायला हवं, काय करू? – एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : निफाड वाचलं आणि लगेच कळलं काय होत असेल ते, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ४-५ अंशांवर आला की राज्यभर बातमी होते, तुम्ही तर तिथेच राहताय. धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंती दिवसभराचं ऊन धरून ठेवायच्या आणि रात्री हळूहळू सोडायच्या, स्लॅब मात्र उघड्या आभाळाखाली रात्रीत गार पडतो, त्यामुळे आता ऊन आत घेणं आणि ते कोंडून ठेवणं हे काम आपल्यालाच करावं लागतं.

म्हणून खरेदीच्या आधी दक्षिणेची खिडकी शोधा. डिसेंबरात सूर्य भर दुपारीही डोक्यावर येत नाही, आपल्या नाशिककडे तो ४७ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणजे खिडकीची वरची चौकट ७ फुटांवर असेल आणि वर दीड फुटी छज्जा असेल तरी ऊन फरशीवर पाचेक फूट आत येतं. त्या जागेतलं कपाट, टीपॉय, वाळत घातलेले कपडे सगळं हलवा आणि सासूबाईंची खुर्ची तिथे मांडा. पडदे सकाळी ऊन आलं की पूर्ण उघडायचे आणि सूर्य कलला की लगेच खिडक्या-पडदे बंद, दिवा लावायची वेळ होईपर्यंत थांबू नका, कारण दिवसभराची कमाई तेवढ्या वेळातच निघून जाते. दाराखालच्या फटीला जुन्या साडीची वाळू भरलेली लांब उशी शिवून लावा. स्लायडिंग खिडकीच्या कडेची फरसारखी पट्टी झिजली असेल तर बदलून घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि फार महाग नसते.

आता फरशी. फरशी खोलीपेक्षा फार गार असते असं नाही, ती पायातली ऊब भराभर ओढून घेते म्हणून चटका बसतो. त्यासाठी घरभर कार्पेट कशाला, आपल्याकडे धूळ किती आणि ते झाडणार कोण! पाय जिथे पडतात तेवढंच झाका : पलंगाची कड, देवापुढे, ओट्यापुढे. सतरंजी चालेल, पण सासूबाईंच्या खुर्चीखाली घोंगडीच घाला असं मी अगदी आग्रहाने सांगेन. धनगरांच्या मागावरची, दख्खनी मेंढीच्या लोकरीची खरी घोंगडी हातात घेऊन बघा, खरखरीत लागते, चिंचोक्याच्या खळीमुळे सुरुवातीला ताठ असते, मेंढीचा वासही येतो थोडा. वापरून वापरून मऊ होते आणि वर्षानुवर्षं टिकते. सारखी धुवायची नाही, उन्हात टाकून झटकायची. ओट्यापुढे मात्र घसरणार नाही असंच काहीतरी घाला.

पाच हजारांतले उरलेले पैसे गोधडीवर घाला. घरातल्या जुन्या सुती साड्या, सासूबाईंचं नऊवारी असेल तर फारच छान, गावात गोधड्या शिवणाऱ्या बायका असतात त्यांना द्या आणि शिलाई घासाघीस न करता द्या, एकेक टाका हाताने घालायचा म्हणजे कंबर मोडणारं काम आहे. थरांमध्ये हवा अडकते म्हणून ऊब राहते. दिवसा तीच गोधडी दिवाणावर अंथरा, तुम्हाला हवा तो छानपणा तिथेच आला, मुलीलाही पटेल बघा. कापसाच्या गाद्या दबून चपट्या झाल्या असतील तर नवीन घेऊ नका, कापूस पिंजून घ्या.

हीटर घ्यायचाच तर शेवटी घ्या. २००० वॉटचा हीटर तासाला २ युनिट खातो आणि त्याला १६ अँपियरचाच सॉकेट लागतो, एक्स्टेंशन बोर्डवर अजिबात लावू नका. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते, कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दारं-खिडक्या लावून कुणीही झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना वास ना रंग, झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही. शेकायचं तर अंगणात शेका.

प्रश्न : पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहोत. उत्तरेचा हॉल, ऊन अजिबात नाही, भिंती पांढऱ्या, भिंतीला खिळा मारायची परवानगी नाही. संध्याकाळी ऑफिसमधून आलं की घर अगदी दवाखान्यासारखं वाटतं. – एक वाचक, पुणे

उत्तर : दवाखान्यासारखं वाटतंय ते बहुतेक ट्यूबमुळे. बल्बच्या खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असेल तर तो पांढरा-निळसर उजेड, २७०० किंवा ३००० के लिहिलेला पिवळसर बल्ब आणा. वरची मोठी लाइट संध्याकाळी बंद ठेवा आणि कोपऱ्यात, डोळ्यांच्या पातळीखाली दोन टेबल लॅम्प लावा, खिळ्याचा प्रश्नच नाही. सोफ्यावर गडद लाल किंवा निळी सोलापुरी चादर टाका, जाड असते, मशीनमध्ये धुता येते आणि थंडी वाजली की तीच ओढून घ्यायची. तुमच्याकडे ऊन नाही, त्यामुळे पांघरुणं रविवारी गच्चीवर वाळवायची सोय मात्र सोसायटीत विचारून ठेवा, नाहीतर त्यांना कुबट वास येतो. आणि बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर गारठा लागतो म्हणून तिथली हवेची खिडकी बंद करू नका, कितीही थंडी असली तरी, त्यातूनही कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू कोंडू शकतो.